ग्रासियास

माझ्या नावातला ज इथे कुणाच्या तोंडात टिकत नाही.
हजेरी घेताना बाई थांबतात, चष्मा वर सरकवतात,
म्हणतात, रुहुता.
मी हात वर करते.
मार्च संपेपर्यंत दात घासताना आरशातही
रुहुताच उभी असायची, तोंडात फेस.

एस्केलमध्ये वारा नेमका मधल्या सुट्टीत सुटतो.
जिमखान्याच्या भिंतीआड ते पाच जण बसतात.
नाहुएलच्या काखेत थर्मास,
हातात मुठीएवढा वाळका भोपळा,
भोपळ्यात हिरवा चुरा, वर गरम पाणी,
आणि स्टीलची एकच नळी.
त्याला म्हणतात माते.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं,
हा मुलगा कुठल्या देवीला हाक मारतोय.

एकच नळी. पाच जणांचं उष्टं.
आमच्याकडे पेरूसुद्धा
फ्रॉकच्या टोकात धरून
चिमणीच्या दातांनी तोडून द्यायचा असतो.
नळीला कांदेलाची जांभळी लिपस्टिक लागलेली.
डोळे मिटले, ओढलं.
कडू. कडुनिंबाचा काढा परवडला.
भोपळा परत देताना म्हणाले, ग्रासियास.

विमानतळावर आईने हेच तर बजावलं होतं:
आपल्यात नसलं तरी तिकडे म्हणतात.
मीठ पुढे केलं तरी म्हणायचं, दार धरलं तरी म्हणायचं,
नाहीतर म्हणतील, पोरीला वळण नाही.

भोपळा पुढे गेला.
आइलेन, एसेकिएल, कांदेला,
लाल कानांचा तिआगो, पुन्हा आइलेन.
माझ्यावरून गेला,
जसा वर्गात पाहुण्या मुलीवरून प्रश्न जातो.
रोज एकच घोट.
एप्रिलभर. मेभर.
कुणी वाकडं बोललं नाही.
गालाला गाल लावून भेटायचे,
गालाला गाल लावून निघायचे,
मधल्या वेळात ते भांडं मला वगळून फिरायचं.

वहीच्या मागच्या पानावर मी कारणं लिहिली.
माझे उच्चार. माझ्या केसांचं तेल.
माझं हसणं,
नेहमी विनोद संपल्यावर येणारं.

जूनमध्ये एक दिवस रस्त्यावर बर्फ,
गणिताचे सर आलेच नाहीत.
कांदेलाने सगळ्यांसमोर विचारलं,
इतक्या भरभर की मला दोनदा ऐकावं लागलं:
तुला आमची किळस येते का?
रोज एक घेतेस आणि नको म्हणतेस.

मी कधी म्हटलं नको?

रोज. ग्रासियास म्हणतेस.

मग तिआगोने, लहान मुलाला सांगावं तसं,
शब्द सुटे सुटे करून सांगितलं.
भोपळा परत देताना ग्रासियास म्हणजे पुरे.
म्हणजे माझं झालं, मला धरू नका.
ज्याला अजून हवं असतं
तो काही बोलत नाही. नुसता परत देतो.

म्हणजे तीन महिने
मी रोज उठून जात होते, बसल्या जागेवरून.
आणि ते रोज, नव्याने,
थोडं थोडं सरकून
सहाव्या माणसाची जागा करत होते.
किळस पहिल्या दिवशी आली होती.
ते मी सांगितलं नाही.
अजूनही सांगितलेलं नाही.

नाहुएलने पाणी ओतलं, माझ्यापुढे केलं.
नळी खळखळेपर्यंत ओढलं
आणि ओठ घट्ट मिटून परत दिलं.
जिभेवर आलेला शब्द
त्या पाण्याहून गिळायला अवघड.
फेरी फिरली. माझ्याकडे आली.
पुन्हा फिरली. पुन्हा आली.
सातव्याला पोटात जाळ, बोटं थरथरत,
नको कसं म्हणायचं तेच आठवेना.
एसेकिएल वाकून म्हणाला,
रुहु, अगं आता म्हण की.

रात्री तीन वाजले तरी डोळ्याला डोळा नाही.
पत्र्यावरून बर्फ घसरत होतं.
पांघरुणातच हात जोडले,
म्हटलं, हे माते,
आता झोपू दे.