मूळ कारण

जर्मनीहून तक्रार आली, फोटोसकट:
खोक्यातल्या थर्माकोलवर पिवळी पूड.
नवजात बाळांच्या वॉर्मरसोबत अज्ञात पदार्थ.
खुलासा चौदा दिवसांत.

मगदूमसाहेबांनी फोटो मोठा करून पाहिला.
"अज्ञात कसला? वास घ्या म्हणावं."

कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये
बाळ कधीच नसतं.
अडीच किलो पाण्याची पिशवी गादीवर निजवतो
आणि काटा छत्तीस पूर्णांक पाचवर येईपर्यंत
तिच्या तोंडाकडे बघत बसतो.
पॅकिंगची रेशमा नदाफ येता-जाता तिला थोपटते.
कितीदा सांगितलं, रीडिंग हलतं.

फॉर्मवर पाच वेळा "का" विचारायचं असतं,
पाचव्या "का"खाली मूळ कारण सापडतं म्हणे.

पूड का? पॅकिंगच्या हातांना होती.
हातांना का? सकाळी सात ते बारा
ते हात हळदीच्या पॉलिशला असतात.
तिकडे का? इकडे अर्धीच पाळी आहे.
अर्धीच का?
किसुमूचे पैसे एकशेवीस दिवसांनी येतात,
लिमाचा परवाना एका शिक्क्यावाचून अडलाय,
आणि इथून आठ किलोमीटरवर, मिरजेत,
डॉक्टर कॅटलॉग चाळून विचारतात,
"बाहेरचं नाही का काही?"

चौकट भरून अक्षरं समासात गेली.
पाचवा "का" मी कोरा ठेवला.

किसुमूच्या खोक्यांतही पूड गेलीच असणार.
तिथल्या सिस्टरनं एवढंच विचारलं होतं:
लाइट गेल्यावर ऊब किती वेळ टिकते?
आम्ही प्लग काढला, घड्याळ लावलं,
पिशवीभोवती उभे राहिलो, कुणी काही बोलेना.
सव्वीस मिनिटं.
मग रेशमानं ओढणी काढून पिशवीवर घातली.
एकेचाळीस.
"हे पण लिहा की."

लिहिलं. पुस्तिकेत पान चौदा, सहा भाषांत:
वीज गेल्यास स्वच्छ कापडानं झाकावे.
ओढणी कुणाची, याला रकाना नव्हता.

जर्मनीला शेवटी हे पाठवलं:
मूळ कारण, हळद.
उपाय, बेसिन, साबण, हातमोजे.
आठवड्यात उत्तर आलं, तक्रार बंद.

पाळी सुटताना रेशमा हातमोजे
उलटे करून दोरीवर वाळत घालते.
आतून पिवळे झालेत.