पाव सूर खाली

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना डाव्या हाताला
बर्फाचा कारखाना होता. आता तिथे
लग्नाच्या खुर्च्या भाड्याने मिळतात.

माझे वडील कॉम्प्रेसर बघायचे,
म्हणून चावी माझ्याकडे, म्हणून मी बँडमध्ये.
वाजवता मला काही येत नव्हतं.
मी वायरी गुंडाळायचो, फ्यूज बांधायचो
आणि कुणी किंचाळलं
तर ते गाण्यातलं की शॉकचं, एवढं ओळखायचो.

बँडचं नाव सुकती.
होडीच्या उरलेल्या निळ्या रंगाने
इनासने ते मोठ्या ड्रमवर लिहिलं,
शेवटची वेलांटी ओघळली, ती तशीच राहिली.

सूर लावायला आमच्याकडे काही नव्हतं.
बाप्या टिकम गिटार मांडीवर घेऊन
कारखान्याच्या भिंतीला कान लावायचा.
आत अमोनियाचा वास, हौदात खारं पाणी,
आणि सगळ्यातून अखंड एक घूंऽऽ.
"ह्योच आपलो सा," म्हणायचा, आणि तार पिळायचा.
व्होल्टेज उतरलं की घूं उतरायची,
मग आम्हीही उतरायचो तिच्यामागून,
तेरेझासुद्धा,
मिशन हॉस्पिटलातली रात्रपाळी कुणाच्या तरी गळ्यात मारून
पांढऱ्या बुटांनिशी आलेली;
इंग्रजी गाण्यांतले अर्धे शब्द तिला ठाऊक असायचे,
उरलेले अर्धे ती नुसत्या रागाने म्हणायची.

सत्त्याऐंशी सालची एकतीस डिसेंबर.
कारखान्याच्या अंगणात सत्तरएक माणसं.
सावंतवाडीहून दोघे यझदीवर, थंडीने निळे पडलेले.
पणजीच्या फेऱ्यांवर कॅसेटी आणणारा ट्रकवाला,
ज्याच्यामुळे आम्हाला हे सगळं कळलं होतं.
बर्फ न्यायला आलेले खलाशी, बर्फ न नेता थांबलेले.
समोरच्या खिडकीतून रुजाय आजी ओरडत होती,
"आवाज कमी करा रे मेल्यांनो,
बांगडे परत जातले!"

तिसऱ्या गाण्यात वीज गेली.

गिटार नुसती तार झाली. तेरेझाचं तोंड उघडंच.
आणि भिंतीमागची ती घूं थांबली.
जन्मल्यापासून पहिल्यांदा मी ती नसलेली ऐकली.
मग समुद्र आला ऐकू. तो इतका जवळ होता
हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

इनास मात्र थांबला नाही. त्याला बहुतेक कळलंच नव्हतं.
काळोखात तो मारत राहिला,
मग खलाशांनी मासळीचे टब पालथे घातले,
कुणी पत्रा घेतला, कुणी यझदीची टाकी,
आणि तेरेझा त्यावर माईकशिवाय गायला लागली;
तिचा खरा आवाज केवढा आहे
हे त्या रात्री तिलाही नवीन असावं.

वडील बॅटरी घेऊन आले. मी गाल तयार ठेवला.
त्यांनी सगळ्यांच्या तोंडांवरून उजेड फिरवला, बराच वेळ.
"बर्फ इतळतासा," म्हणाले.
"काय वाजवूचा ता बेगीन वाजवा."

पुढे बाप्या जहाजावर गेला. इनास कुवेतला.
तेरेझाचं मला माहीत नाही.
म्हणजे विचारलं असतं तर कळलं असतं.

परवा माळ्यावर एक कॅसेट मिळाली. बुरशी पुसून लावली.
भाचा समोर फोन धरून बसला, त्यात एक काटा हलत होता.
"मामा, हे पाव सूर खाली वाजवतायत."
कोण?
"सगळे. अगदी सारखेच खाली."

मी काही बोललो नाही. डावा कान तसाही गेलाय,
स्पीकरला टेकून उभं राहण्याची ती सवय.
कुडाळचे डॉक्टर म्हणतात, आतली शिट्टी जाणार नाही.
मी त्यांना सांगितलं नाही की ती शिट्टी नाही.

रात्री फ्रिज थांबला की अजून दचकून उठतो.
हात आधी फ्यूजकडे जातो.