घर बंद

आमच्याकडे थंडी दारातून येत नाही,
दाराखालून येते.
बोटभर फट.
आईनं तिथं बाबांच्या जुन्या पँटचा एक पाय
वाळू भरून, दोन्ही टोकं शिवून
आडवा टाकलाय.
आल्यागेल्याला सांगते,
"जरा जपून, ह्यांच्या पायावर पाय पडंल."

गोडवलीत डिसेंबरचं ऊन लवकर निघतं.
ते कौलांवरून उतरायच्या जरा आधी
आई खिडक्या लावते.
तिन्हीसांजेला कोंबड्या डालाव्यात
तसं ऊन आत डालते.

पत्र्यावर काळा कॅन दिवसभर तापत पडलेला,
त्यातलं पाणी भांड्यांना.
बंब एकदाच पेटतो,
मग अंघोळी एकाला लागून एक,
झोपेतल्या सुजितला तर उचलूनच नेतात मोरीत.
भाकरी झाल्या की तव्यावर पापड,
पापडामागून शेंगदाणे,
शेंगदाण्यांमागून, तवा कोमट होता होता,
कडेला माझे ओले मोजे.
भाताला उकळी आली की गॅस बंद
आणि पातेलं वाकळेत.
"शिजंल आपलं आपण. सारखं काय बघायचं?
तुम्हाला काय मी उघडून बघत वाढवलं?"

आणि दिवसातून वीस वेळा, कुणालाही,
"दार लोट! गाव तापवायला घेतलंय का?"

पाचगणीत एका वसतिगृहाचा स्वयंपाक आहे तिच्याकडे.
तिथं गिझर दिवसभर चालू, खिडक्या सताड.
तिथं ती बोलत नाही.
घरी येते, पदर खोचते,
पडवीत दारामागच्या मीटरपुढं उभी राहते
आणि कॅलेंडरवर तारखेखाली,
दुधाच्या हिशेबाशेजारी,
आजचा आकडा लिहिते.

जानेवारीत बिल आलं, दुपटीनं.
रीडिंगच्या जागी दोनच शब्द:
घर बंद.
मे महिन्यातले पंखे, मे महिन्यातले पाहुणे
धरून काढलेली सरासरी.

म्हणजे मीटरवाला आला होता.
लावलेलं दार, लावलेल्या खिडक्या,
दिवा नाही, आवाज नाही,
बघून निघून गेला होता.
दोनदा.
आम्ही आतच होतो.
एका वाकळेत भात होता,
दुसरीत आम्ही.

आईनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं,
पिशवीत घातलं, लाईटच्या ऑफिसात गेली.
मी मागं.
भिसे साहेब टेबलाखाली हीटरला पाय शेकत बसलेले,
दार उघडं.
आई आत शिरली, वळली,
आधी दार लावलं.
मग कॅलेंडर त्यांच्या कागदांवर पसरलं.
"हा नोव्हेंबर. रोज दीड युनिट.
हितं तीन दिसतील, नणंद आलेली.
हितं अडीच. बारक्याला ताप होता,
रात्रभर दिवा ठेवला."
भिसे वाचत राहिले.
दूध अर्धा लिटर. टाकी लावली. दीड. दीड. दूध नाही.
चष्मा काढून म्हणाले,
"बाई, एवढ्यात माणसं राहतात?"
"राहतात की," आई म्हणाली. "पाच."

बिल दुरुस्त झालं, पण लगेच नाही,
आणखी दोन खेटे पडले,
एसटीचं भाडं तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आता महिन्याच्या सात तारखेला
बाबांचा पाय बाजूला सरकतो.
आई स्वतः दार उघडते, पार भिंतीला टेकवते,
दगड लावते.
धुकं थेट पडवीत येऊन बसतं.
आम्ही कानटोप्या घालून चहा पितो,
तो बशीत ओतेपर्यंत निवतो.
सुजित कुडकुडत विचारतो, "लावू का?"
"गप बस. येईल एवढ्यात."
उंबऱ्यात शाल घट्ट ओढून ती वाट बघते,
आणि त्या एका सकाळी
आमचं सगळं साठवलेलं ऊन
गाव तापवायला निघून जातं.