एकोणीसशे नव्वद टप्पे

सोहेलनं मोबाईलवर बोट फिरवलं नि सांगितलं,
"काका, उजळाईवाडी ते हॅलिफॅक्स,
अकरा हजार नऊशे चाळीस किलोमीटर.
सरळ रेषेत.
मधे न थांबता तेरा तास चाळीस मिनिटं."

मी सहानं भागलं.
एकतीस वर्षं बावडा गाडीवर कंडक्टर होतो,
सहा किलोमीटरचा एक टप्पा, हाडात मुरलंय.
एकोणीसशे नव्वद टप्पे.
एवढी तिकिटं
माझ्या पेटीत कधी मावली नसती.

गगनबावडा दहा टप्पे.
फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण, मग धुकं.
अंतर एकदाही बदललं नाही.
पण बालिंग्याच्या पुलावर पाणी चढलं
की तेच दहा टप्पे दोन दिवसांचे व्हायचे,
आणि प्रवासी मला जाब विचारायचे,
जशी काही नदी माझ्या हाताखाली कामाला होती.

म्हणून तेरा तास चाळीस मिनिटं
मला काही पटेनात.
हौसा गुळाची ढेप फडक्यात बांधत होती,
बॅग काट्यावर चढवत, उतरवत.
तेवीस किलोच्या वर चिंचोकासुद्धा चालत नाही.
मान वर न करता म्हणाली,
"सरळ रेषेत कोण जातंय?"

खरंच की.
वैजयंता आधी मुंबईला उतरणार, सात तास खुर्चीवर.
मग लंडन. तिथं पाच.
सगळे मिळून तेहतीस तास,
आणि पोचल्यावर तिचं घड्याळ साडेआठ तास मागं.
आमच्याकडं दिवेलागण होऊन गेलेली,
तिथं अजून दुपार व्हायचीय.
असा वेळ मी लॉगशीटवर लिहिला असता
तर डेपोनं मेमो दिला असता.

काचेपलीकडं पोलिसानं ढेप हुंगली,
हसला, परत ठेवली.
वैजयंतानं वळून बघितलं, का पट्टा नीट केला,
ते मला काचेतून कळलं नाही.

मग आम्ही कुंपणाशी जाऊन उभे राहिलो.
गोकुळ शिरगावच्या कारखान्यांवरून ते उठलं,
छोटंसं, पंखे फिरवत,
आणि माझा हात आपसूक वर गेला,
दोरी शोधत.
एक टोल म्हणजे थांब.
दोन म्हणजे चल.
हाताला काहीच लागलं नाही.
मी दोनदा ओढलं.

हायवेवर कागलची गाडी मिळाली.
कंडक्टर पोरगी होती, मशीनमधून कागद फाडणारी.
मला म्हातारा म्हणून अर्धं,
हौसाला बाई म्हणून अर्धं.
दोन टप्पे.
"सुटे द्या, काका."

दिले.
हौसानं विचारलं, "कुठवर गेली असंल?"
मी खिडकीतून बघितलं.
तावडे हॉटेल आलं होतं.