बर्फाची वही

सोसायटीच्या कपाटात अकरा वर्षांच्या वह्या होत्या,
खाऱ्या हवेनं फुगलेल्या, टाचण्या गंजलेल्या.
रोज पहाटे मी लिहायचो:
होडीचं नाव, लाद्या किती, दर काय.
कुणी वाचेल म्हणून नव्हे.
कारकुनानं लिहायचं असतं, म्हणून.

मग आयोगाच्या बाई आल्या, दिल्लीहून.
शर्वाणी तेंडोलकर. आडनाव आपल्याकडचं, बूट तिकडचे.
पहिलाच प्रश्न असा की सगळी जेट्टी हसली:
"बर्फ वितळायला किती वेळ लागतो?"

जैबुन होडेकर म्हणाली, भुशात बांधलास तर सांजपर्यंत,
उघड्या टेम्पोत घाट चढेस्तोवर अर्धी लादी रस्त्याला.
बाईंनी नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवले,
आणि पेन्सिलीनं एक गोल काढला.
"लादी जिथवर लादी राहते तिथवर बाजार.
त्यापुढे नुसतं पाणी."

गोलात चार कारखाने मावले:
खोत, मुकादम, सारंग, आणि खाडीपलीकडचा पेवेकर.

"लादी पाच टक्क्यांनी महागली तर काय कराल?"
बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.
यशोदा चोगले टोपली उलटी करून तिच्यावर बसली.
"काय करनार? म्हावरा काय थांबतंय व्हय?"
त्या एका वाक्याचं बाईंनी अर्धं पान केलं.

वकील रत्नागिरीहून आला, घाम पुसत.
म्हणाला, वीज महागली, अमोनिया महागला,
चौघांचं दुखणं एक, म्हणून कण्हणंही एकाच वेळी.
बाई म्हणाल्या, "शक्य आहे.
ऊन वाढलं की सगळेच छत्र्या उघडतात,
त्याला कुणी कट म्हणत नाही."
मला वाटलं, संपलं.

पण रात्री सोसायटीतल्या ट्यूबलाइटखाली
माझ्या वह्या त्यांच्या पडद्यावर चढल्या.
चार रेघा, अकरा वर्षं पावलात पाऊल.
फक्त एका जागी सुटलेल्या:
आश्विनापासून एक्केचाळीस दिवस.
दर एकशे चाळीसवरून पंच्याण्णव.
विजेचं बिल तेच. डिझेल तेच. हंगाम भरात.
"तेव्हा इथं काय झालं होतं?"

मला ठाऊक होतं.
सारंगाचा मुलगा, पेवेकराची मुलगी.
साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत
सुरमईच्या जागी बांगडा वाढला,
आणि दोन घरं बोलायची थांबली.
सारंगानं रागानं दर पाडला, बाकीचे मागोमाग.
बेचाळिसाव्या दिवशी मामानं मध्यस्थी केली,
संध्याकाळी लादी एकशे पंचेचाळीस.

खोत आमच्या चेअरमनचा मेहुणा.
मी म्हणालो, "आठवत नाही."
आणि चहा सांगितला.
बाई पडद्याकडेच बघत होत्या.
"असू दे. आकड्यांना आठवतंय."

त्या गेल्या. तारखा पडताहेत.
वकील मुदत मागतो, मुदत मिळते.
कारखान्यांच्या भोंग्यांत काही फरक नाही.

एका दुपारी मीच मांडून पाहिलं, समासात, पेन्सिलीनं.
फेरीला तीस लाद्या, आठवड्याला दोन फेऱ्या,
लादीमागे पंचेचाळीस, बत्तीस आठवडे.
शहाऐंशी हजार चारशे. एका हंगामाचे. एका होडीचे.
दोनदा गुणून पाहिलं. तेवढेच आले.
जैबुनला दाखवलं.
तिला वाचता येत नाही, पण शून्यं मोजता येतात.
बराच वेळ ती आकड्यावर बोट ठेवून होती,
कागद ओला झाला.
"आनि मना वाटलं," ती म्हणाली,
"म्हावरा कमी झाला."

नव्या वहीत मी एक रकाना वाढवलाय,
दराच्या शेजारी, अरुंद: शेरा.
आजची नोंद:
पेवेकराच्या नातवाचं बारसं.
चौघेही एकाच सतरंजीवर,
पंगतीत सुरमई.
दर उद्या कळेल.