पिठाच्या बदल्यात

केनिग्सबर्गहून आलेली ती बाई,
नाव हेडविग, बाहीला रंगाचे डाग,
म्हणाली, मला एक उंच पुरुष हवा
आणि रुंद खांद्यांची बाई.
तासाला दोन मापटी पीठ.
तिला काय ठाऊक, तिनं कुणाकडे बोट दाखवलं.

नऊ वर्षं मी मार्टिनशी बोललेले नाही.
तो माझा दीर.
होडी दोघा भावांनी लोटली होती,
परत आणली एकट्यानं.

हात धरा, बाई म्हणाली.
अख्खं गाव वाळूच्या टेकाडावर चढून बघत होतं,
जाळी विणायची सोडून, कावळे सोलायचे सोडून.
मी हात पुढे केला, शेजारणीला चाळण द्यावी तसा.
त्याचा हात दोरानं घासून खरबरीत,
करंगळीचं पेर गेलेलं.
केव्हा गेलं?
विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वारा.
तिची चौकट दोनदा वाळूत पालथी पडली.
पुसायची नाही ती, वाळूसकट रंगवायची.

तिसऱ्या दिवशी, समुद्राकडेच बघत
तो म्हणाला,
"उर्ते, सोडला नव्हता मी त्याला.
सुटला."

मी लाटा मोजत होते. चुकले.
पुन्हा एकपासून घेतल्या.

मग चित्र पाहिलं.
समुद्र जांभळा, मार लागलेल्या गुडघ्यासारखा.
आभाळ नारिंगी, तसं इथं कधीच नसतं.
आम्हांला डोळे नाहीत. माझ्या गालावर हिरवा ओरखडा.
आणि मध्ये, हात होते तिथं,
एक पिवळा गोळा, सुरीनं थापलेला.
बोटं कुणाची, किती, पत्ता नाही.
"हे हात म्हणायचे?" म्हातारी ग्रीता खिदळली.
मार्टिननं टोपी काढली, वाकून पाहिलं.
म्हणाला, पाणी बर्फाचं असलं की असंच होतं,
आपलं बोट कुठलं ते कळत नाही.
कुणी हसलं नाही मग.

चित्र खोक्यात घालून आगबोटीनं गेलं.
पीठ मात्र बाईनं एकाच पोत्यात दिलं होतं,
नवरा-बायको समजली असणार.
मी ते घरी आणून चाळलं.
वाळू निघाली. इथं ती सगळ्यातच निघते.
त्याच्या वाटणीचं फडक्यात बांधलं,
गाठ दोनदा सोडली, दोनदा मारली,
आणि अंधार पडल्यावर
त्याचं दार वाजवलं.

आतून कुत्रं भुंकलं.
मला ओळखत नव्हतं ते.