सत्यप्रत

इमिग्रेशनच्या फाटकासमोर माझं दुकान,
म्हणजे एक पत्रा, एक पंखा
आणि दुपारी तापलं की कागद चावणारं झेरॉक्सचं यंत्र.
उदोन थानीत फेब्रुवारी लागला की
ताउनो येतो, सकाळी सात-साडेसातला,
पासपोर्ट, पासबुक, पिवळी फाइल घेऊन,
आणि माझ्यासाठी त्याच्या देशातल्या काळ्या खारट गोळ्या,
ज्या मी त्याच्यादेखत तोंडात टाकते
आणि तो वळला की थुंकते.
अकरा वर्षं झाली.

केमी नावाच्या गावी कागदाच्या गिरणीत होता.
तिथे समुद्र गोठतो म्हणे, लोक त्यावरून गाड्या हाकतात.
प्रत हातात दिली की तो आधी वाचत नाही,
अंगठा आणि तर्जनीत चोळतो.
"सत्तर ग्रॅम. मागच्या वर्षी ऐंशीचा वापरायचीस, लामदुआन."
"भाव बघ की कागदाचा," मी म्हणते.
एकतीस वर्षं त्यानं कागद केला,
आता कागद त्याला
एकेक वर्ष मोजून राहू देतो.

पासबुकात आठ लाख बाट. ते हलवायचे नाहीत.
"पैसे माझे," म्हणतो, "आणि मी त्यांचा वॉचमन."
वर दर नव्वद दिवसांनी येऊन सांगायचं,
मी आहे, अजून त्याच घरात आहे.
माझा पोरगा ताइचुंगला, स्क्रूच्या कारखान्यात.
त्याला फोनवर विचारलं, तुला असं सांगावं लागतं का रे?
म्हणाला, आई, इथे मशीन बंद पडलं
तरच कुणी विचारतं मी कुठे आहे.

प्रत्येक पानावर सही हवी, निळ्या शाईत,
ही खरी प्रत म्हणून.
यंदा त्याचा हात ऐकेना.
खिडकीतल्या बाई नवीन, चष्मा कपाळावर.
पासपोर्टातला माणूस आणि हा, सही एक नाही म्हणाल्या,
नीट करून आणा.
तो रस्ता ओलांडून परत आला, फाइल पोटाशी धरून,
काही न बोलता उभा राहिला.
मी फसलेल्या प्रतींचा गठ्ठा पालथा घातला त्याच्यापुढे.
म्हटलं, गिरव.

आणि सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस
माझ्या स्टुलावर बसून स्वतःचं नाव गिरवायला लागला,
जीभ दातांत धरून.
वरचा आडवा दांडा सारखा घसरायचा.
एक गिऱ्हाईक आलं, दोन आली, मी रंगीत फोटो कापले,
कुणाचं तरी लग्नाचं सर्टिफिकेट काढलं.
नवव्या कागदावर तो जवळपास आला.
चौदाव्यावर मी म्हटलं, हां, हा तूच. आता पळ.

"नकाशा राहिला," म्हणाला.
घरापर्यंतचा रस्ता, तोही हातानंच काढून द्यावा लागतो.
दरवर्षी तोच काढतो: हमरस्ता, विहार, भाताची गिरणी,
कालवा, चिंचेचं झाड, तिथून डावीकडे निळं फाटक.
"चिंच तोडली ना वीजवाल्यांनी? दोन वर्षं झाली."
"माहीत आहे."
"मग?"
"मग मी वळू कुठे?"
झाडाला पानं काढत बसला. एवढी गरज नव्हती.

बाईंनी नकाशा उघडलासुद्धा नाही, असं नंतर सांगितलं त्यानं.
शिक्का मात्र जोरात मारला,
खाली आमचं बुद्धसंवत, पुढचा फेब्रुवारी.
पस्तीस बाट द्यायचे विसरून तो टुकटुकमध्ये बसला.

ते चौदा कागद पडलेत इथे.
एका बाजूला परक्यांचे पासपोर्ट,
दुसऱ्या बाजूला ताउनो, ताउनो, ताउनो.
त्यातल्या पहिल्यावर मी आज नवे भाव लिहून टांगले:
काळी प्रत दोन बाट, रंगीत दहा.
गोळी थुंकायची राहूनच गेली.
अजून खारट आहे.